उटनूरचे पाहुणे

नागपूरहून हैदराबादेकडे जाणारा हमरस्ता पैनगंगा ओलांडतो आणि आदिलाबाद जिल्ह्यात शिरतो. आदिलाबाद शहर मागे पडल्यावर गुडिहतनूर हे गाव लागते आणि तेथून डाव्या हाताला एक फाटा फुटतो. इंद्रवेल्लीवरून, सागाच्या रानातून आणि कापसाच्या शेतांमधून हा रस्ता उटनूरला जातो. उत्तरेस पैनगंगा आणि दक्षिणेस गोदावरी यांच्यामध्ये पसरलेला हा डोंगराळ मुलूख राजगोंड, कोलाम, परधान आणि तोटी या लोकांचा होय. उटनूरला गोंड राजांचा एक जुना किल्ला आहे. पण ज्याला आपण प्रेक्षणीय स्थळ म्हणतो तसे त्या गावात फारसे काही नाही. जे आहे ते भोवतालच्या रानात आहे.

त्या रानाकडे अलीकडे शहरांतील माणसांचे लक्ष गेले आहे. पावसाळा सरत आला की नेरडिगोंड्याजवळच्या कुंतला धबधब्यावर मोटारींची रांग लागते. जन्नारमला कवल अभयारण्यात वाघ पाहण्याच्या आशेने लोक उतरतात. कोणी जोडेघाटचे स्मारक पाहून येतो, कोणी केसलापूरच्या जत्रेला. याच रस्त्याने उलट दिशेने दुसरीही एक वाहतूक चालते. ती आजाऱ्यांची. ओढ्यापलीकडच्या पाड्यावरून पावसाळ्यात रोग्याला खाटेवर घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणावयाचे, तेथून उटनूर, उटनूरहून आदिलाबाद, आणि तेथेही इलाज झाला नाही तर सुमारे २०० किलोमीटरवरचे नागपूर किंवा ३०० किलोमीटरवरचे हैदराबाद. आत येणारा प्रवासी मनाच्या विश्रांतीसाठी येतो. बाहेर पडणारा प्रवासी जिवासाठी जातो.

अर्थशास्त्राचे अभ्यासक या दोन्ही प्रवासांना हल्ली भारदस्त नावे देतात. रानावनात जाऊन निसर्गाला धक्का न लावता केलेल्या प्रवासाला ते निसर्ग-पर्यटन म्हणतात, आणि औषधोपचारासाठी केलेल्या प्रवासाला आरोग्य-पर्यटन. विकसनशील देशांनी ही दोन्ही आपल्या उत्पन्नाची साधने मानली आहेत. १९९७ साली थायलंडचे चलन कोसळले तेव्हा बँकॉकच्या मोठ्या रुग्णालयांनी परदेशी रोग्यांसाठी दारे उघडली आणि त्यातून एक नवा धंदा उभा राहिला. आपल्याकडेही २००२ सालच्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने परदेशी रोग्यांवरील उपचार निर्यातीच्या पंक्तीला बसविले. औषधोपचार ही निर्यात करावयाची वस्तू आहे, ही कल्पना जुन्या पिढीतील वैद्यांना मोठी चमत्कारिक वाटली असती. असो. उटनूरच्या वाट्याला मात्र या निर्यातीतील काही आलेले नाही. त्याच्या वाट्याला आले आहेत ते पाहुणे, आणि त्या पाहुण्यांचा इतिहास शंभर वर्षांचा आहे.

गोंडांना पाहुणा नवीन नाही. किंबहुना पाहुणचार हा त्यांच्या वर्षक्रमाचाच एक भाग आहे. दिवाळीच्या सुमारास दंडारीचे दिवस येतात. एका गावचा नर्तकांचा जथा दुसऱ्या गावी जातो. मोरपिसांचे भलेथोरले मुकुट घातलेले आणि अंगाला राख फासलेले गुस्साडी पुढे असतात. यजमान गाव त्यांना उतरवून घेते, जेवू घालते, रात्रभर ढोल वाजतात. अशा भेटींत दोन गावांचे संबंध जुळतात आणि सोयरिकीही ठरतात. पुढे यजमानांचा जथा त्या गावी गेला म्हणजे त्यांची बडदास्त ठेवण्याची पाळी या गावाची. म्हणजे पाहुणा हा एक दिवस यजमान होणारच, असे त्यात गृहीत आहे. या गुस्साडी नृत्याचे जाणते गुरू कनकराजू यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. ते मार्लवाई या गावचे. २०२४ साली ते निवर्तले.

केसलापूरच्या नागोबाची जत्रा हा याहून मोठा पाहुणचार. पौष अमावास्येच्या रात्री मेस्राम घराण्याचे लोक नागोबाची महापूजा करतात. त्या पूजेला पाणी लागते ते गोदावरीचे, आणि तेही जन्नारमजवळच्या हस्तिनमडुगू या डोहातलेच. मेस्राम मंडळी अनवाणी चालत जाऊन ते आणतात. पूजेची मडकी सिरिकोंड्याच्या कुंभाराने घडविलेलीच असावी लागतात. पाणी घेऊन परतलेले लोक केसलापूरच्या वडाखाली मुक्काम करतात आणि पूजेच्या रात्री घराण्यात नव्याने आलेल्या सुनांची देवाशी ओळख करून दिली जाते. महाराष्ट्रातून आणि छत्तीसगडातूनही गोंड या जत्रेला येतात. हा प्रवास धर्माचा आहे, करमणुकीचा नाही. परंतु नदी, कुंभाराची माती, वड आणि वाट यांचे जतन केल्याशिवाय ही यात्रा घडतच नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. २०२२ च्या डिसेंबरात तेथे काळ्या पाषाणाचे नवे मंदिर उभे राहिले ते मेस्राम घराण्याने आपसांत वर्गणी काढून.

हे झाले घरचे पाहुणे. दुसऱ्या जातीचे पाहुणे कागद घेऊन आले.

१९२० नंतरच्या दोन दशकांत निजाम सरकारच्या जंगल खात्याने या डोंगरांत राखीव जंगलाच्या रेषा आखण्यास आरंभ केला. सागाला किंमत आली होती. रेषेच्या आत जी गावे सापडली त्यांतील काहींना थोडीशी जमीन सोडण्यात आली, काहींना उठविण्यात आले. गोंडांची शेती फिरती. काही वर्षे जमीन कसावी आणि मग ती पडीक टाकावी. पडीक टाकलेली जमीन खात्याच्या लेखी जंगल ठरली, आणि परत कसावयास गेलेला गोंड अतिक्रमण करणारा ठरला. त्याच सुमारास बाहेरून शेतकरी आणि सावकार येऊ लागले. दक्षिणेकडून तेलुगू बोलणारे आले, तसे पैनगंगा उतरून मराठी बोलणारेही आले. ही दुसरी गोष्ट मराठी वाचकाने विसरू नये. पट्टा म्हणजे काय हे ज्याला ठाऊक होते त्याच्या नावे जमीन लागली. ज्याचे आजोबा-पणजोबा ती कसत होते त्याच्याजवळ कागद नव्हता.

या अवस्थेतून कुमरम भीम उभा राहिला. जोडेघाट आणि आसपासच्या पाड्यांना घेऊन त्याने जंगल खात्याला आणि निजामाच्या पोलिसांना तोंड दिले. १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात पोलिसांच्या गोळीबारात तो आणि त्याचे काही सोबती ठार झाले. आज तेथे स्मारक आणि संग्रहालय आहे. ते २०१६ साली उघडण्यात आले. सहलीला आलेली शाळकरी मुले भीमाच्या पुतळ्याजवळ छायाचित्र काढून घेतात. पाणी, जंगल आणि जमीन ही त्याची मागणी भिंतीवर लिहिलेली त्यांना दिसते.

भीमाच्या मृत्यूनंतर निजाम सरकारला प्रश्न पडला, की गोंडांसारखे शांत लोक बिथरले तरी का? त्याचे उत्तर शोधण्याचे काम ज्याच्याकडे आले तो मनुष्य खरे पाहता एक अडकून पडलेला प्रवासी होता. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे व्हिएन्नाचे मानववंशशास्त्रज्ञ. १९०९ चा त्यांचा जन्म. नागा टेकड्यांत त्यांनी पूर्वी काम केलेले होते. १९३९ साली महायुद्ध पेटले तेव्हा ते हिंदुस्थानात होते, आणि ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन झालेली असल्यामुळे ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. त्यांना हैदराबाद संस्थानाच्या हद्दीत राहण्याची मुभा मिळाली. दुसरा कोणी असता तर त्याने राजधानीत पुस्तके वाचून युद्ध संपण्याची वाट पाहिली असती. हायमेनडॉर्फ आणि त्यांची पत्नी एलिझाबेथ, जिला सारे बेट्टी म्हणत, ही प्रथम चेंचूंमध्ये, नंतर कोंडा रेड्डींमध्ये जाऊन राहिली आणि अखेरीस मार्लवाईत आली. मार्लवाई त्या वेळी उटनूर भागातले एक लहानसे गोंड गाव होते. तेथे झोपडी घालून ती दोघे राहू लागली.

पाहुणा किती दिवस राहतो यावरून त्याला काय दिसणार हे पुष्कळसे ठरते. हायमेनडॉर्फ यांना प्रथम गोंडांच्या देवदेवता, सगे आणि आख्याने दिसली. ती त्यांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात लिहिली. पण त्याआधी, १९४५ साली, त्यांचे अहवाल छापले गेले आणि त्यांत जमिनीचा, सावकारीचा, जंगल खात्याच्या वेठीचा हिशेब होता. गोंडांना त्यांच्या जमिनींचे पट्टे द्यावेत आणि त्यांची जमीन बाहेरच्याने घेऊ नये असा कायदा व्हावा, हे त्यांनी सरकारला सांगितले. पुढे पट्टे देण्याचे काम सुरू झाले. ज्या राज्याच्या पोलिसांनी भीमाला मारले त्याच राज्याच्या सल्लागाराने भीमाची तक्रार खरी होती असे लिहून द्यावे, हा योग इतिहासात क्वचितच येतो.

१९४३ साली मार्लवाईत गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले. मुलांना पहिले धडे गोंडीत द्यावयाचे ठरले, आणि गोंडीच्या पाठ्यपुस्तकांसाठी लिपी निवडली ती देवनागरी, कारण या मुलखात मराठीचा वावर होता. या कामात एका मराठी माणसाचा मोठा वाटा आहे. शिवकालाचे आणि मोगल-मराठा संबंधांचे इतिहासकार म्हणून पुढे नावाजलेले सेतुमाधवराव पगडी त्या काळी निजामाच्या मुलकी नोकरीत होते. ते आदिलाबादेत आले, गोंडी शिकले, गोंडीचे व्याकरण त्यांनी लिहिले आणि कोलामीचाही अभ्यास केला. फारसी कागदांतून मराठ्यांचा इतिहास काढणाऱ्या या पंडिताने आधी गोंडांच्या तोंडून त्यांची भाषा टिपून घेतली होती, हे महाराष्ट्रात फार थोड्यांना ठाऊक आहे. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली. राजुरा तालुका मुंबई राज्यात आला आणि आदिलाबाद जिल्ह्याचा बहुतेक भाग आंध्र प्रदेशात गेला. शाळेची भाषा तेलुगू झाली. देवनागरी शिकलेली गोंड मुले एका रात्रीत परक्या लिपीपुढे बसली.

हायमेनडॉर्फ दांपत्य पुढे लंडनला स्थायिक झाले. पण ती दोघे पुनःपुन्हा मार्लवाईस येत राहिली. १९८७ साली बेट्टी हैदराबादेत वारल्या आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना मार्लवाईत पुरण्यात आले. १९९५ साली हायमेनडॉर्फ लंडनला निवर्तले. त्यांचे अवशेषही २०१२ साली तेथेच आणून ठेवले. गावकरी दरवर्षी त्यांची पुण्यतिथी पाळतात. पाहुणा घरचा होणे याचा एवढा उघड पुरावा दुसरा मिळणे कठीण.

त्यांनी सुचविलेला कायदा झाला, तरी जमीन जाण्याचे थांबले नाही. २० एप्रिल १९८१ रोजी पट्ट्यांच्या मागणीसाठी इंद्रवेल्लीला जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. सरकारी आकडा १३ मृतांचा. लोक सांगतात तो आकडा याहून पुष्कळ मोठा आहे. उटनूरकडे जाणारा प्रवासी त्या गावातूनच पुढे जातो.

आता वाघाची गोष्ट. कवलचे रान १९६५ साली अभयारण्य झाले आणि २०१२ साली व्याघ्र प्रकल्प. गंमत अशी, की तेथे वस्तीला राहणारे वाघ फार थोडे. जे दिसतात ते बहुधा महाराष्ट्रातले. चंद्रपूरच्या ताडोब्यातून आणि यवतमाळच्या टिपेश्वरातून तरणे वाघ नवी जागा शोधत निघतात आणि नद्या ओलांडून तेलंगणात येतात. त्यांना कोणी पट्टा विचारीत नाही. वाघ टिकावयाचा तर त्याला मोकळे रान हवे, यात शंका नाही. ज्याने ताडोब्यात वाघीण आणि तिचे बछडे पाहिले असतील त्याला हे पटवून द्यावे लागत नाही. पण रान मोकळे करणे म्हणजे गावे हलविणे. २०२४ साली कवलच्या गाभ्यातील मैसमपेट आणि रामपूर ही दोन गावे बाहेर नेण्यात आली. घरे आणि मोबदला सरकारने दिला. त्यानंतर २०२५ च्या मे महिन्यात ताडोबा आणि कवल यांना जोडणारा वाघाचा मार्ग संरक्षित राखीव क्षेत्र म्हणून जाहीर करण्यात आला, आणि त्या क्षेत्राला नाव देण्यात आले कुमरम भीमाचे! जंगलाच्या रेषेशी झगडून मेलेल्या माणसाचे नाव जंगलाच्या नव्या रेषेला द्यावे, ही कल्पना ज्या कचेरीत सुचली तेथे भीमाचे चरित्र कोणी वाचले नसावे. आदिवासींनी बंद पुकारले, मोर्चे काढले, आणि जुलैमध्ये सरकारने तो आदेश स्थगित ठेवला. २००६ सालच्या वनहक्क कायद्याप्रमाणे ग्रामसभेला विचारावे लागते, हा त्यांचा मुद्दा होता.

अशा रानात निसर्ग-पर्यटन काढताना घरमालक कोण हे आधी ठरलेले असले पाहिजे. जगात इतरत्रही हा प्रश्न आलेला आहे. युगांडातील ब्विंडीचे घनदाट अरण्य १९९१ साली गोरिलांसाठी राष्ट्रीय उद्यान झाले आणि त्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणारे बाट्वा लोक बाहेर काढले गेले. दोन वर्षांत गोरिला पाहणारे श्रीमंत प्रवासी येऊ लागले. उद्यानाच्या कडेला बाट्वा मात्र भूमिहीन होऊन रोगांनी मरू लागले. त्यांच्यासाठी एका अमेरिकन डॉक्टराने झाडाखाली दवाखाना मांडला. २००३ साली सुरू झालेल्या त्या दवाखान्याचे आज मोठे रुग्णालय झाले आहे. शेजारच्या रवांडाने आणखी एक केले. गोरिला पाहण्याच्या परवान्याचे १५०० डॉलर घ्यावयाचे आणि उद्यानांच्या उत्पन्नातील १० टक्के भोवतालच्या गावांच्या शाळा, पाणी आणि दवाखान्यांसाठी ठेवावयाचे. आधी हा वाटा ५ टक्के होता. २०१७ साली तो वाढविला. शेकडा दहा म्हणजे काही फार नव्हे. पण आकडा छापलेला आहे आणि गावकऱ्याला तो मागता येतो.

झाडाखालचा दवाखाना गोंडांच्या मुलखाला अपरिचित नाही. उटनूरच्या पूर्वेस, प्राणहितेपलीकडे गडचिरोलीत, १९७३ साली डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी हेमलकशाला माडिया गोंडांसाठी काम सुरू केले ते असेच, झोपडीत आणि झाडाखाली. छत्तीसगडातून आणि तेलंगणातूनही रोगी दिवसचे दिवस चालत तेथे येत. हेही आरोग्यासाठी केलेले पर्यटनच. फक्त त्यात विमान नव्हते आणि पैसे नव्हते. आता हेमलकशाला दुसरेही लोक येतात. आमटे यांच्या जीवनावर २०१४ साली चित्रपट निघाला. सुट्टीत पुण्यामुंबईच्या मोटारी येतात आणि अनाथ प्राण्यांचे घर पाहून जातात. रोगी आणि सहलीचा प्रवासी एकाच फाटकातून आत जातात.

त्याच जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गोंडांना एक साधा प्रश्न केला, की तुम्ही सरकारी रुग्णालयात का जात नाही? उत्तरे अशी आली की ती कोणत्याही वैद्यकीय ग्रंथात सापडू नयेत. पांढऱ्या कपड्यांची भीती वाटते, कारण पांढरे वस्त्र आम्ही प्रेतावर घालतो. मोठ्या इमारतीत माणूस हरवतो. आणि रोग्याबरोबर आलेल्या नातलगांना तेथे थारा नसतो. तेव्हा शोधग्रामचा दवाखाना गावासारखा बांधला. नातलग राहू शकतील अशा झोपड्या घातल्या, आणि दवाखान्याला देवी दंतेश्वरीचे नाव दिले. रोगी हा पाहुणा आहे आणि पाहुणा एकटा येत नाही, हे दंडारीच्या लोकांना सांगावे लागत नव्हते; ते डॉक्टरांना शिकावे लागले.

उटनूरला सरकारी दवाखाना आहे. आदिवासी विकासाच्या संस्थेची मोठी कचेरी आहे. आदिलाबादला २००८ साली वैद्यकीय महाविद्यालयही निघाले. तरीही पावसाळ्यात हिवताप आणि हगवण यांनी पाडे आजारी पडतात. ओढ्यावर पूल नाही म्हणून बाळंतिणीला खांद्यावरून नेल्याच्या बातम्या आजही येतात. धबधबा पाहण्यास जी वाट नीट करण्यात येते तीच पुढे दोन कोस पाड्यापर्यंत नेली तर काय होईल, हा प्रश्न पर्यटन खाते आणि आरोग्य खाते एकत्र बसल्याखेरीज कोणी विचारणार नाही. आणि धबधब्यावरच्या फाटकाशी घेतलेले पैसे कोणत्या ग्रामसभेच्या वहीत उतरतात, हेही गावाला ठाऊक असले पाहिजे.

केसलापूरच्या जत्रेत आणखी एक प्रघात आहे. गोंडांनी आपली गाऱ्हाणी सरकारपुढे मांडावीत म्हणून १९४० च्या दशकात, हायमेनडॉर्फ यांच्या सूचनेवरून, तेथे दरबार भरू लागला. तो अजून भरतो. पूजा झाल्यावर जिल्हाधिकारी आणि मंत्री मांडवात बसतात. मागे आकाशपाळणे फिरत असतात, आरोग्य खात्याचा तंबू लागलेला असतो, शहरातून आलेले लोक मोरपिसांच्या मुकुटाचे छायाचित्र घेत असतात. मांडवात अर्ज येतात ते पट्ट्याचे, पुलाचे आणि डॉक्टरचे. मग जत्रा उठते. तंबू आदिलाबादला परत जातो आणि मेस्राम मंडळींच्या बैलगाड्या आपापल्या गावांची वाट धरतात.